अंतर मोजणारा कॅमेरा : डिजिटल रेंजफाइंडरची पहिली ओळख

रेंजफाइंडर कॅमेऱ्याला डोळा लावला की सगळंच्या सगळं स्पष्ट दिसतं. समोर उभा असलेला माणूस, त्याच्या मागचा कडुलिंब, कडुलिंबामागची पाण्याची टाकी, काहीच धूसर नाही. लेन्सची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी दृश्य जसंच्या तसं. लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या एसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्यावर हात बसलेल्या माणसाला वाटतं, लेन्स बिघडली असावी. बिघडलेलं काही नसतं. आपण बघतो ती काच वेगळी आणि फोटो काढते ती काच वेगळी. या कॅमेऱ्याचं सगळं चांगलं आणि सगळं अवघड या एका गोष्टीतून निघतं.

मित्रानं त्याचा लायका कंपनीचा डिजिटल रेंजफाइंडर, एम टाइप २४०, काही दिवसांसाठी माझ्या हवाली केला. २०१३ मध्ये बाजारात आलेला हा कॅमेरा. २४ मेगापिक्सेलचा, फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर, बॅटरीसह वजन साधारण ६८० ग्रॅम, आणि ऑटोफोकस अजिबात नाही. लातूर, उदगीर आणि छत्रपती संभाजीनगर या भागात तो वापरून पाहिला. लायकाचं नाव निघालं की आपल्याकडे गप्पा किमतीवर जातात. मला मात्र त्याच्या पोटात काय चालतं ते सांगायचं आहे.

अंगठा, दोन डोळे आणि एक त्रिकोण

हात लांब करून अंगठा उभा धरा आणि दूरच्या विजेच्या खांबाकडे बघा. डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. अंगठा खांबाच्या या बाजूवरून त्या बाजूला उडी मारतो. आता अंगठा नाकाजवळ आणून तेच करा. उडी कितीतरी मोठी होते. वस्तू जवळ असेल तर दोन डोळ्यांना ती वेगवेगळ्या जागी दिसते, लांब असेल तर जवळपास एकाच जागी. म्हणजे ही उडी मोजता आली की अंतर कळलं.

जमीन मोजणाऱ्यांनी हेच केलं. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. आधी जमिनीवरची एक सरळ रेघ साखळीनं काटेकोर मोजायची, मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे. पाया आणि दोन कोन हाती आले की टेकडीचं अंतर गणितानं निघतं, तिथवर साखळी ओढत न्यावी लागत नाही. हे त्रिकोण दक्षिणेकडून निजामाच्या मुलखातून वर सरकत गेले, आणि काम चालू असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला लॅम्बटन वारले. पुढे तोफखान्यानं आणि युद्धनौकांनी हाच त्रिकोण अंतरमापक यंत्रात बसवला. जहाजावरच्या यंत्राचा पाया कित्येक मीटर लांब असे.

लायका एममध्ये हा पाया ६९ मिलिमीटरच्या जरासा वर आहे, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून थोडाच जास्त. कॅमेऱ्याच्या समोर वरच्या बाजूला दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीतून आपण थेट बघतो. लहान खिडकीतून आत आलेलं दृश्य प्रिझम आणि भिंगांतून वळवून मोठ्या खिडकीच्या मधोमध एका छोट्या उजळ आयतात आणलेलं असतं. त्याला पॅच म्हणतात. फोकस जुळलेला नसेल तर त्या पॅचमध्ये सगळं दुहेरी दिसतं, माणसाच्या चष्म्याला चार काड्या दिसतात. रिंग फिरवत गेलं की दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही एकमेकींवर चपखल बसल्या की तेवढ्या अंतरावर फोकस झाला.

लेन्सची रिंग किती फिरली हे अंतरमापकाला कसं कळतं? तारेनं किंवा चिपनं नव्हे. लेन्सच्या मागच्या अंगाला धातूचं एक कडं असतं आणि कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूला दांडीच्या टोकावर एक बारकी चाकी. रिंग फिरली की कडं पुढेमागे होतं, चाकी त्यावर टेकून सरकते, दांडी हलते आणि आतला प्रकाशाचा मार्ग किंचित वळतो. रुंद दृश्य घेणारी २८ मिलिमीटरची लेन्स असो वा लांबचं जवळ आणणारी ९० ची, कडं अशा हिशेबानं कापलेलं असतं की ठरावीक अंतराला चाकी तेवढीच सरकली पाहिजे. बॅटरी काढून ठेवा, फोकस तरीही जुळवता येतो. १९५४ मध्ये एम मालिकेतल्या पहिल्या कॅमेऱ्याबरोबर, एम ३ बरोबर, आलेली लेन्स या कॅमेऱ्यावर बसते आणि बरोबर अंतर सांगते ते याच साध्या कडं-चाकीच्या कराराच्या जोरावर. मला या कॅमेऱ्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटली.

ओझरता इतिहास एवढाच. १९२५ च्या पहिल्या लायकात रेंजफाइंडर नव्हता, तो वेगळा घेऊन कॅमेऱ्यावर खोचावा लागे. १९३२ मध्ये लायका २ आणि झाइसचा काँटॅक्स यांनी तो लेन्सशी जोडला. लायकात बघायची खिडकी आणि अंतर मोजायची खिडकी एम ३ नं एकत्र आणली. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४७-४८ मध्ये भारतात, गांधीजींच्या अखेरच्या दिवसांत आणि अंत्ययात्रेत, लायकाच वापरला होता.

आणि एक खुलासा. चपटा, एका कोपऱ्यात खिडकी असलेला प्रत्येक कॅमेरा रेंजफाइंडर नसतो. फुजीचे काही मिररलेस कॅमेरे दिसायला तसे आहेत, छानही आहेत, पण त्यांत दोन प्रतिमा जुळवणारी ही यांत्रिक जोडणी नाही.

जनावरांच्या बाजारात

उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार अशा कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला उत्तम. गर्दी, धूळ, हलती शिंगं, आणि उपरण्याखाली हात घालून बोटांनी चाललेला भाव. समोरचे दोघे काहीच बोलत नाहीत, चेहऱ्यावर मात्र सगळं उमटत असतं. एक जण हात झटकून उठतो, हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, त्याला परत बसवतो. हा क्षण यायच्या आधी कॅमेरा तयार हवा.

इथं पहिला धडा मिळाला: पॅचला उभी कड लागते. प्रतिमा आडवी सरकते, म्हणून आडव्या रेघेवर ती जुळली की नाही हे कळतच नाही. काठीची कड, शिंगाची कड, सदऱ्याची बटणपट्टी, यांवर लगेच जुळते. देवणी जनावरांत शेवरा, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला बैल समोर आला की काम सोपं, ठिपक्याची कड धरायची. बालंक्या पांढराशुभ्र, त्याच्या पाठीवर भर दुपारच्या उन्हात पॅच ठेवला तर धरायला काहीच सापडत नाही, मग डोळ्याकडे किंवा वेसणीकडे जावं लागतं. लाल कंधारीच्या एकरंगी अंगाचंही तेच. डोळा आपोआप कडा शोधायला लागतो, आणि ही सवय कॅमेरा खाली ठेवल्यावरही टिकते.

जाळीदार कामाची गंमत वेगळी. बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीवर फोकस करायला गेलो तर पॅचमधलं एक भोक शेजारच्या भोकावर बसलं आणि सगळं अगदी जुळल्यासारखं दिसलं. अंतर मात्र चुकीचं. सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतीत हा कॅमेरा असा फसू शकतो, कारण त्याला जाळी कळत नाही, फक्त कडेवर कड बसलेली कळते. उपाय सोपा: जाळीच्या चौकटीवर फोकस करायचा.

बाजारात खरं तर पॅचकडे बघायला वेळही नसतो. तिथं जुनी रीत कामाला येते. ३५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्समधलं भोक, एफ ८ वर (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), रिंग ३ मीटरवर. एवढं केलं की साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. लेन्सवर अंतराचे आकडे आणि छिद्राच्या रेघा कोरलेल्या असतात, हा हिशेब तिथंच वाचता येतो. बऱ्याच लेन्सना बोट अडकवायला छोटा कान असतो. तो सरळ खाली आला की अमुक मीटर, डावीकडे गेला की तमुक, हे बोटाला पाठ होतं. मग अंतर डोळ्यानं अदमासायचं आणि कॅमेरा वर नेता नेताच बोटानं जुळवायचं. चांगला ऑटोफोकस वेगवान असतो हे खरं, पण ज्यात फोकस करायचंच उरलेलं नाही त्याहून वेगवान काही नाही.

दुसरी मोठी देणगी म्हणजे फ्रेमच्या बाहेरचं दिसणं. खिडकीत फोटोची हद्द उजळ रेघांनी दाखवलेली असते. ५० ची लेन्स लावली तर ही चौकट खिडकीच्या मधल्या भागात बसते आणि भोवती बरंच काही मोकळं दिसत राहतं. डावीकडून कुणी बैलजोडी हाकत येतोय हे ती चौकटीत शिरायच्या आधी कळतं. एसएलआरमध्ये नेमक्या क्षणी आरसा उचलला जातो आणि दृश्य काळं होतं, इथं खटका दाबतानाही समोरचा माणूस दिसत राहतो. त्यानं डोळे मिटले का हे तिथंच समजतं.

याची किंमतही आहे. रेघा लेन्समधून दिसणारं चित्र दाखवत नाहीत, अंदाज दाखवतात. जवळच्या वस्तूवर फोकस केला की रेघा खिडकीत तिरक्या खाली सरकतात, कारण खिडकी आणि लेन्स वेगळ्या जागी आहेत. तरीही चौकटीचा आकार एकाच अंतरासाठी अचूक असतो, या मॉडेलमध्ये २ मीटरसाठी. लांबचं दृश्य असेल तर फोटोत रेघांपेक्षा थोडं जास्तच येतं. काठोकाठ मांडणी करणाऱ्याला हे खटकेल. एफ १.४ वर, म्हणजे छिद्र खूप उघडं ठेवल्यावर, चेहऱ्यामागचं झाड किती विरघळेल हेही खिडकीत दिसत नाही, ते अनुभवानंच ठरवायचं. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

वेरूळच्या कैलास लेण्यात, क्रमांक १६ च्या प्रांगणात, रुंद लेन्स हवीशी वाटते. खिडकीतल्या रेघा २८ मिलिमीटरपर्यंतच आहेत. त्याहून रुंद लेन्स लावली तर वर वेगळी खिडकी बसवा, नाहीतर मागचा पडदा चालू करा. टाइप २४० पासून लायकानं पडद्यावर थेट दृश्य बघायची सोय दिली आहे. तिचा मी वापर केला, पण तेव्हा तो एक साधा, जरा संथ डिजिटल कॅमेरा होऊन जातो.

फिल्मच्या जागी सेन्सर बसवताना

फिल्म काढून सेन्सर बसवला की झाला डिजिटल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात हे काम इतकं अवघड निघालं की पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हताच. तो २००४ मध्ये एप्सननं आणला, आर-डी १. सहा मेगापिक्सेल, सेन्सर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, आणि प्रत्येक फोटोआधी रीळ पुढे सरकवावं तशी दांडी ओढून शटर भरायचं. लायकाचा एम ८ आला २००६ मध्ये, तोही लहान सेन्सरचा. पूर्ण फ्रेमचा एम ९ यायला २००९ उजाडलं.

अडचण प्रकाशाच्या कोनाची होती. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो, म्हणून रुंद लेन्ससुद्धा दूर ठेवावी लागते. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. एम माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथं बसते त्या, कड्यापासून फिल्मपर्यंत अंतर फक्त २७.८ मिलिमीटर, आणि रुंद लेन्सची मागची काच त्याहूनही आत शिरते. त्यामुळे लेन्स लहान होतात, हलक्या होतात. पण चौकटीच्या कोपऱ्यांवर पोचणारा प्रकाश फार तिरपा असतो.

फिल्मला याचं फारसं काही वाटत नाही. सेन्सरला वाटतं. आपल्याकडच्या खोल आडात डोकावून पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. सूर्य डोक्यावर असताना तळाचं पाणी चमकतं, ऊन कललं की ते आतल्या भिंतीवरच अडतं आणि तळ अंधारा राहतो. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल असा एक बारीक आड आहे. मधल्या आडांत प्रकाश सरळ पडतो, कोपऱ्यातल्यांत तिरपा. म्हणून कोपरे काळवंडतात, आणि थोडा प्रकाश शेजारच्या, वेगळ्या रंगाच्या पिक्सेलमध्ये सांडून कडांना जांभळट किंवा हिरवट झाक येते.

यावर तीन उपाय केले गेले. प्रत्येक पिक्सेलवर एक सूक्ष्म भिंग असतं, ते कोपऱ्यांकडे जाताना थोडं थोडं मध्याच्या दिशेनं सरकवलं, म्हणजे तिरपा प्रकाशही वळून तळाला पोचावा. लेन्सच्या माउंटवर सहा खुणांचा काळा-पांढरा संकेत कोरला, तो वाचून कॅमेरा लेन्स ओळखतो आणि कोपऱ्यांचा उजेड व रंग सुधारतो. तिसरा उपाय सेन्सरवरची काच पातळ करण्याचा, कारण जाड काचेतून तिरपा प्रकाश जाताना कोपऱ्यांची स्पष्टता जाते.

या तिसऱ्या उपायानंच एम ८ अडचणीत आला. सेन्सरवरची काच डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश अडवण्याचं कामही करते. ती फार पातळ ठेवल्यानं अवरक्त प्रकाश आत शिरला. काळं सिंथेटिक कापड हा प्रकाश भरपूर परावर्तित करतं, त्यामुळे काळे कोट आणि काळी जाकिटं फोटोत जांभळी यायला लागली. शेवटी लायकानं ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर मोफत दिले. एका काचेच्या जाडीवर केवढं अवलंबून असतं याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

यापेक्षा बारीक, पण रोज भेटणारी अडचण अचूकतेची आहे. मघाचा त्रिकोण आठवा. ६९ मिलिमीटरच्या पायावर १ मीटर अंतराला कोन होतो साधारण ४ अंश, ३ मीटरला १.३, १० मीटरला ०.४. दहा मीटरच्या पुढे सगळे फरक अंशाच्या दशांशातच गुंडाळले जातात. शिवाय खिडकीत दृश्य लहान होऊन दिसतं. टाइप २४० मध्ये ते ०.६८ पट असल्यानं उपयोगी पाया उरतो सुमारे ४७ मिलिमीटर. २०१७ च्या एम १० मध्ये ०.७३ पट, म्हणजे जवळपास ५१. रुंद लेन्सना हे भरपूर पुरतं. ९० च्या लेन्सला जपून वागावं लागतं, १३५ ची लेन्स उघड्या छिद्रावर वापरायचा आग्रह मी तरी धरणार नाही.

५० मिलिमीटरची एफ १.४ लेन्स ०.७ मीटरवर, म्हणजे तिच्या सर्वांत जवळच्या अंतरावर, पूर्ण उघडी ठेवली तर स्पष्ट भागाची जाडी जेमतेम दीड सेंटिमीटर. नाक घेतलं तर डोळा गेला. फिल्मच्या काळात पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर ही चूक झाकून जायची. आता तोच फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून बघतात, आणि आतला अंतरमापक केसभर हलला असेल तर दिसतोच. तो हलतोही, कारण ही यंत्रणा दांड्या-चाक्यांची आहे. आमच्या रस्त्यांवरून एसटीत मांडीवर पिशवी घेऊन केलेला प्रवास तिला मानवत नाही. पिशवीत खाली जाड फोम घालणं ही इथं चैन नाही. आणि हलल्यावर नीट जुळवून देणारा कारागीर जवळपास मिळेल अशी आशा ठेवू नये. धुळीचंही तसंच: सेन्सर थरथरवून धूळ पाडण्याची सोय या मॉडेलमध्ये नाही, त्यामुळे बाजारात उभं राहून लेन्स बदलायचीच नाही.

बाजारात एका आजोबांनी कॅमेरा न्याहाळत विचारलं, "रीळ मिळतंय व्हय अजून ह्याला?" मी म्हटलं, "आजोबा, रीळ नाही, कार्ड आहे ह्यात." मग खालची पाटी काढून दाखवली. कार्ड आणि बॅटरी बदलायची तर फिल्मच्या लायकासारखीच खालची अख्खी पाटी उतरवावी लागते. त्यांना ती पाटी फार आवडली. मला ती गर्दीत एका हातात धरून उभं राहणं गैरसोयीचं वाटलं.

घ्यायचा विचार असेल तर

लग्नाची कामं करणाऱ्यांनी यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अक्षता पडताना, वरातीत, अंधाऱ्या मंडपात गिऱ्हाइकाला प्रत्येक फोटो लागतो, आणि ते काम आजचे मिररलेस कॅमेरे निश्चितपणे चांगलं करतात. खेळ आणि पक्षी यांसाठीही नाही. गावं, बाजार, वारीची वाट, माणसांचे हातावरच्या अंतराचे चेहरे, असं हळूहळू जमवायचं काम करणाऱ्यांसाठी मात्र याची शिस्त मोलाची आहे. ही शिस्त शिकायला लायकाच लागतो असंही नाही. जुना याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा सोव्हिएत काळातला फेड, झॉर्की मिळाला तर त्यातही हाच त्रिकोण आहे, फक्त रीळ घालावं लागेल.

चाळिशी लागलेल्यांनी आधी खिडकीतून बघून घ्यावं. एसएलआरला असते तशी नंबर जुळवायची चकती यात नाही, डोळ्याच्या बाजूला वेगळं भिंग स्क्रूनं बसवावं लागतं. पॅच अंधुक दिसत असेल तर दोष अनेकदा आपल्या नंबराचा असतो.

जुना कॅमेरा घेताना दोन-तीन किलोमीटरवरच्या मनोऱ्याकडे बघा, रिंग अनंतावर टेकवा आणि पॅचमधल्या दोन्ही प्रतिमा जुळतात का ते तपासा. उभ्या दिशेनंही पाहा, एक प्रतिमा वर आणि एक खाली असेल तर यंत्रणा हललेली आहे. मग टेबलावर मोजपट्टी तिरपी ठेवून, छिद्र पूर्ण उघडून, मीटरभर अंतरावरून मधल्या आकड्यावर फोकस करा आणि फोटो मोठा करून कोणता आकडा स्पष्ट आला ते बघा. हे प्रत्येक लेन्ससाठी वेगळं करायचं, कारण दोष कॅमेऱ्यात नसून एखाद्या लेन्सच्या कड्यातही असू शकतो. एम ९ असेल तर आणखी एक काम. त्याच्या सेन्सरवरची काच कालांतरानं झिजत असे आणि फोटोत डाग दिसायला लागत. छिद्र एफ १६ वर नेऊन निरभ्र आकाशाचा फोटो घ्या, सेन्सर साफ करूनही न जाणारे गोलसर डाग शोधा, आणि सेन्सर बदललेला असेल तर त्याची पावती मागून घ्या.